व्हिडिओ कॉम्प्रेशनमधील उजेड-भरपाईच्या पद्धती आणि भारतीय पेटंट परीक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिडिओ कोडेकवर, म्हणजे व्हिडिओ आकुंचित करून पुन्हा उलगडणाऱ्या प्रणालीवर, काम करणारे अभियंते, संशोधन करणारे विद्यार्थी आणि त्यांचे अर्ज लिहिणारे पेटंट एजंट यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. चर्चेचा विषय भारतीय पेटंट कार्यालयातील परीक्षण हा आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातील अर्जदारांचे अर्ज मुंबई कार्यालयाच्या कार्यक्षेत्रात येतात. युरोप आणि अमेरिकेचा उल्लेख तुलनेपुरताच आहे. हा मजकूर सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष अर्जाबाबतचा सल्ला ती कागदपत्रे वाचूनच देता येतो.

उजेड-भरपाई म्हणजे नेमके काय?

व्हिडिओ कॉम्प्रेशनचा पाया अंदाजावर उभा आहे. नवी फ्रेम जशीच्या तशी न पाठवता एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ आकुंचित करणारा भाग, आधीच्या फ्रेममधला त्यासारखा दिसणारा तुकडा, म्हणजे संदर्भ ब्लॉक, शोधतो, तो किती सरकला आहे ते मोशन व्हेक्टरने सांगतो आणि अंदाज व प्रत्यक्ष यांतला उरलेला फरक तेवढा पाठवतो. वस्तू सरकली पण तिच्यावरचा उजेड तोच राहिला, तर ही युक्ती उत्तम चालते. लग्नाच्या मांडवातून कॅमेरा बाहेर उन्हात आला आणि त्याने एक्स्पोजर आपोआप बदलले, मिरवणुकीत फ्लॅश चमकला, किंवा संकलकाने दृश्य हळूहळू काळोखात विरवले, तर आकार तोच असूनही प्रत्येक पिक्सेलची किंमत बदलते. मग अंदाज चुकतो, फरक फुगतो आणि बिट वाया जातात.

यावरचा उपाय वरकरणी अगदी साधा आहे. नवी किंमत = अ × जुनी किंमत + ब, असे एक रेषीय नाते मानायचे आणि संदर्भ ब्लॉक त्यातून काढून मगच वापरायचा. समजा, संदर्भ ब्लॉकच्या शेजारचे चार नमुने (पिक्सेलच्या किमती) ६०, ८०, १०० आणि १२० आहेत, आणि चालू ब्लॉकच्या शेजारचे तेच चार नमुने ६४, ७४, ८४ आणि ९४ आहेत. येथे अ = ०.५ आणि ब = ३४ बसते; म्हणजे संदर्भ ब्लॉकमधील ९० ही किंमत ७९ होते. डिकोडरला, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाला, अपूर्णांक परवडत नाहीत, म्हणून तो १६ ने गुणून पाच बिट उजवीकडे सरकवतो आणि ३४ मिळवतो. हे गणित कोणालाही सुचेल, आणि परीक्षणातील सगळी अडचण नेमकी येथूनच सुरू होते.

हे नुसते समीकरण असेल, तर पेटंट कशाचे मिळणार?

समीकरणाचे मिळत नाही. भारतीय पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ३(के) नुसार गणिती पद्धत, व्यवसायपद्धत, निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम हे आविष्कार मानले जात नाहीत. ही तरतूद २००२ च्या दुरुस्तीने आली आणि २० मे २००३ पासून लागू झाली. ‘निव्वळ’ हा शब्द कायद्यात जाणीवपूर्वक ठेवलेला आहे. २००४ च्या अध्यादेशाने ही तरतूद सैल करून, उद्योगातील तांत्रिक उपयोग किंवा हार्डवेअरशी जोड असलेले प्रोग्रॅम अपवादातून स्पष्टपणे बाहेर काढण्याचा प्रयत्न केला होता. २००५ च्या दुरुस्ती कायद्यात संसदेने तो बदल ठेवला नाही. त्यामुळे आजही वाद याच एका शब्दाभोवती फिरतो.

गणित वापरले म्हणून अर्ज बाद होत नाही. गणिताखेरीज त्यात दुसरे काहीच नसेल, तर तो बाद होतो. उजेड-भरपाईच्या अर्जात हा फरक तीन प्रश्नांच्या उत्तरांतून दिसतो: अ आणि ब कोण मोजतो, कशावरून मोजतो, आणि डिकोडरला त्यातले काय कळवले जाते. पुढची बहुतेक उत्तरे या तीन प्रश्नांकडेच परत येतील, कारण परीक्षकही तेथेच परत येतो.

नवीन हार्डवेअर दाखवावे लागते का?

नाही, मात्र हा समज का पसरला ते सांगायला हवे. फेब्रुवारी २०१६ च्या संगणकसंबंधित आविष्कारांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तीन टप्प्यांची कसोटी होती आणि तिच्यात नव्या हार्डवेअरची अपेक्षा होती. ३० जून २०१७ च्या सूचनांमधून ती कसोटी वगळण्यात आली. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अलानी प्रकरणात १२ डिसेंबर २०१९ रोजी तांत्रिक परिणाम आणि तांत्रिक योगदान यांवर भर दिला, आणि २०२३ मध्ये रेथिऑनच्या प्रकरणात नव्या हार्डवेअरचा आग्रह कायद्याला धरून नाही हे स्पष्ट केले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या एका अर्जातही न्यायालयाने नकाराचा आदेश रद्द केला. जुलै २०२५ मध्ये पेटंट कार्यालयाने नव्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. उत्तर लिहिताना त्याच हाताशी ठेवाव्यात.

असे असले तरी परीक्षण अहवालात हार्डवेअरबद्दलचा परिच्छेद अजूनही कधीकधी डोकावतो. अशा वेळी संतापाने उत्तर देण्यात अर्थ नाही. न्यायनिर्णयाचा संदर्भ एका वाक्यात द्यावा आणि उरलेली जागा तांत्रिक परिणाम समजावण्यासाठी वापरावी.

‘तांत्रिक परिणाम’ या विषयात कसा दाखवायचा?

सर्वात जास्त अर्ज येथे ढिले पडतात. ‘प्रस्तुत पद्धतीमुळे कॉम्प्रेशनची कार्यक्षमता वाढते’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक मसुद्यात असते आणि परीक्षकाच्या दृष्टीने त्याला वजन नसते, कारण कोणत्याही पद्धतीबद्दल ते लिहिता येते. दाव्यातली, म्हणजे नेमके कशाचे संरक्षण हवे ते सांगणाऱ्या वाक्यातली, कोणती पायरी कोणती बचत घडवते, हे जोडून दाखवावे लागते.

पहिली बचत बिटांची. अ आणि ब डिकोडरने स्वतःच्या हाती असलेल्या, आधीच उलगडलेल्या शेजारी नमुन्यांवरून काढले, तर ते बिटस्ट्रीममध्ये (पाठवलेल्या बिटांच्या प्रवाहात) पाठवावे लागत नाहीत; भरपाई करायची की नाही, हे सांगणारा एकच फ्लॅग पुरतो. हा परिणाम डिकोडरच्या कृतीतूनच येतो, म्हणून तो तांत्रिक आहे हे पटवणे सोपे जाते.

दुसरी बचत गणनेची. १६×१६ च्या ब्लॉकला वरचे १६ आणि डावीकडचे १६ असे ३२ शेजारी मिळतात. एक सोडून एक घेतला तर १६ उरतात आणि बेरजा-गुणाकार निम्म्यावर येतात. अ काढताना भागाकार लागतो. हार्डवेअरमध्ये भागाकार महाग असल्यामुळे त्याऐवजी लहान तक्ता आणि शिफ्ट वापरतात. येथे एक सूचना द्यावीशी वाटते. भागाकाराऐवजी तक्ता ही कोडेक क्षेत्रात जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे; तिच्यावर सगळा अर्ज उभा करू नये.

तिसरी बचत स्मृतीची, आणि येथे नेमकेपणाने लिहिणाऱ्याला खरा फायदा मिळतो. आठ टॅपच्या इंटरपोलेशनसाठी, म्हणजे आठ नमुन्यांवरून मधली किंमत काढण्यासाठी, १६×१६ च्या ब्लॉकला संदर्भ फ्रेममधून २३×२३, म्हणजे ५२९ नमुने आणावेच लागतात. संदर्भ ब्लॉकच्या शेजारची एक ओळ आणि एक स्तंभ मोशन व्हेक्टर पूर्णांकात आणून घेतला, तर ते नमुने त्या ५२९ मध्येच सापडतात आणि स्मृतीतून वेगळे वाचन करावे लागत नाही. हे विनिर्देशात, म्हणजे अर्जातील आविष्काराच्या सविस्तर वर्णनात, लिहिलेले असेल, तर ‘मोशन व्हेक्टर पूर्णांकात आणणे’ ही वरकरणी क्षुल्लक वाटणारी पायरी तांत्रिक परिणामाचा कणा ठरते. लिहिलेले नसेल, तर तीच पायरी परीक्षकाला निव्वळ गणिती सोय दिसते, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही.

चालू ब्लॉकच्या बाजूने मात्र जपून दावा करावा. वरच्या ओळीसाठी लाईन बफर (ओळ साठवण्याची स्मृती) लागतो. ३८४० पिक्सेल रुंद चित्रात दहा बिटांच्या एका ओळीला ४८०० बाइट लागतात. परंतु इंट्रा प्रेडिक्शनसाठी, म्हणजे त्याच फ्रेममधील शेजाऱ्यांवरून अंदाज बांधण्यासाठी, अशी ओळ डिकोडर आधीच सांभाळत असतो. त्यामुळे ‘आमच्या पद्धतीला फक्त एक ओळ लागते’ हा लाभ म्हणून सांगितल्यास जाणकार परीक्षक विचारतो की मग बचत कुठे झाली.

आधीपासून काय काय ज्ञात आहे?

बरेच. आधीपासून उपलब्ध असलेल्या या ज्ञानाला पेटंटच्या व्यवहारात प्रायर आर्ट म्हणतात, आणि या विषयात ते कसे वाढत गेले हे माहीत असल्याशिवाय दावे लिहू नयेत.

२००३ च्या एच.२६४ या व्हिडिओ मानकात वेटेड प्रेडिक्शन आले. त्याच्या स्पष्ट प्रकारात गुणक (अ) आणि ऑफसेट (ब) स्लाइसच्या, म्हणजे फ्रेमच्या एका भागाच्या, हेडरमध्ये पाठवले जातात. अध्याहृत प्रकारात ते फ्रेममधील काळाच्या अंतरावरून काढले जातात. पूर्ण पडदा सारखा उजळत किंवा विझत असेल तेव्हा ही सोय पुरेशी ठरते. एकाच फ्रेममध्ये एक कोपरा उजळला आणि दुसरा तसाच राहिला, तर ती कमी पडते. पुढे अनेक कॅमेऱ्यांच्या चित्रणासाठी मल्टिव्ह्यू कोडिंगचे काम सुरू झाले, तेव्हा दोन कॅमेऱ्यांतील रंग-उजेडाचा फरक भरून काढण्यासाठी मॅक्रोब्लॉकच्या पातळीवर ऑफसेट पाठवण्याची पद्धत चाचणी प्रतिमानात होती, पण अंतिम मानकात ती आली नाही. २०१३ च्या एचईव्हीसी या पुढच्या मानकाने वेटेड प्रेडिक्शन कायम ठेवले. २०१५ च्या थ्रीडी-एचईव्हीसीमध्ये शेजारी नमुन्यांवरून डिकोडरनेच अ आणि ब काढण्याची ब्लॉक-पातळीवरची भरपाई आली, मात्र ती एका दृश्यकोनावरून दुसऱ्याचा अंदाज बांधण्यासाठी होती. जेव्हेट या मानके ठरवणाऱ्या तज्ज्ञगटाच्या जेईएम या प्रयोगशील प्रतिमानाने तीच कल्पना काळाच्या अक्षावर, म्हणजे आधीच्या फ्रेमवरून बांधलेल्या अंदाजासाठी, वापरली आणि ती लोकल इल्युमिनेशन कॉम्पेन्सेशन या नावाने ओळखली जाऊ लागली.

जुलै २०२० मध्ये पूर्ण झालेल्या व्हीव्हीसी मानकात ही पद्धत घेतली गेली नाही. तेथे दोन संदर्भांच्या सरासरीला ब्लॉकगणिक वेगळे वजन देण्याची सोय आली. वजने –२, ३, ४, ५ आणि १० अशी, आठ या छेदावर आहेत. शेजारी नमुन्यांवर अवलंबून राहण्यात एक अंगभूत अडचण आहे: शेजारचा ब्लॉक पूर्ण उलगडेपर्यंत चालू ब्लॉकची भरपाई सुरूच करता येत नाही आणि डिकोडरची पाइपलाइन अडून राहते. व्हीव्हीसीनंतरच्या प्रयोगशील प्रतिमानात ही पद्धत पुन्हा दिसते, त्यामुळे या क्षेत्रात नवे अर्ज येतच राहणार आहेत.

परीक्षक शोध नेमका कुठे घेतो?

आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हा विषय एच०४एन १९ या गटात येतो. अंदाजासाठीचा संदर्भ निवडण्यासाठी १९/१०५, ब्लॉक-पातळीवरील कामासाठी १९/१७६, काळाच्या अक्षावरील अंदाजासाठी १९/५०३, मल्टिव्ह्यूसाठी १९/५९७ आणि बिटस्ट्रीमच्या वाक्यरचनेसाठी १९/७० हे उपगट उपयोगी पडतात. अर्ज लिहिण्याआधी स्वतः शोध घेणाऱ्याने १९/५९७ विसरू नये. काळाच्या अक्षावरील पद्धतीचे सर्वात जवळचे पूर्वज बरेचदा तेथे असतात.

पेटंटेतर साहित्यात मानकांच्या बैठकांतील प्रस्तावांना सर्वाधिक महत्त्व आहे. जेव्हेटचे दस्तऐवज क्रमांकानिशी आणि अपलोडच्या तारखेनिशी सार्वजनिकरीत्या उपलब्ध असतात. समान कल्पनेची चार-पाच रूपे एकाच बैठकीत वेगवेगळ्या कंपन्यांकडून मांडली गेली, असे या क्षेत्रात नेहमी घडते, आणि तेव्हा प्राधान्य तारखेतला, म्हणजे पहिला अर्ज दाखल झाल्याच्या तारखेतला, काही दिवसांचा फरक निर्णायक ठरतो.

आमचाच प्रस्ताव आमच्या अर्जाच्या आड येऊ शकतो का?

येऊ शकतो, आणि येतो. अर्ज दाखल होण्याआधी प्रस्ताव सार्वजनिक झाला, तर तो अर्जदाराच्याच विरुद्ध प्रायर आर्ट म्हणून उभा राहतो. कलम ३१ मध्ये सरकारने अधिसूचित केलेली प्रदर्शने आणि विद्वत्सभेपुढे वाचलेले निबंध यांसारख्या मोजक्या प्रसंगांसाठी बारा महिन्यांची सवलत आहे, परंतु मानक-समितीच्या संकेतस्थळावर चढवलेला दस्तऐवज त्यात बसेल या भरवशावर राहणे धोक्याचे आहे. अमेरिकेत एक वर्षाची मुदत मिळते, पण त्या मुदतीचा आधार घेऊन भारतात आणि युरोपात अर्ज करता येत नाही.

बैठकीच्या आदल्या रात्री अर्ज दाखल करण्याची प्रथा यातूनच आली आहे. घाईत दाखल केलेल्या तात्पुरत्या विनिर्देशात फक्त प्रस्तावाचे पान जोडलेले असते, आणि बारा महिन्यांनी पूर्ण विनिर्देश दाखल करताना लक्षात येते की महत्त्वाची उपपद्धत त्या पानावर नव्हतीच. निदान अ-ब काढण्याचे पर्यायी मार्ग, लहान ब्लॉकसाठीचे अपवाद आणि शेजारी नमुने उपलब्ध नसताना काय करायचे, एवढे तरी त्या रात्री लिहून ठेवावे.

कल्पकतेचा आक्षेप सहसा कसा येतो?

कलम २(१)(जेए) नुसार आविष्कारात्मक पायरीसाठी ज्ञात ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही हवे, आणि त्या क्षेत्रातील जाणकाराला तो आविष्कार स्वाभाविकपणे सुचणारा नसावा. प्रत्यक्षात आक्षेप असा येतो: पहिल्या दस्तऐवजात शेजारी नमुन्यांवरून भरपाई आहे, दुसऱ्यात नमुने एक सोडून एक घेतलेले आहेत, दोन्ही एकत्र केल्यास दावा पूर्ण होतो.

यावर ‘दोन्ही दस्तऐवज वेगळे आहेत’ हे उत्तर पुरत नाही. दुसरा दस्तऐवज कशासाठी नमुने गाळतो ते पाहावे. तो इंट्रा प्रेडिक्शनमध्ये लुमा (उजेडाच्या) नमुन्यांवरून क्रोमाचा (रंगाचा) अंदाज बांधण्यासाठी तसे करत असेल, तर तेथेही रेषीय नातेच आहे आणि परीक्षकाचा युक्तिवाद भक्कम आहे. हे प्रामाणिकपणे मान्य करून दावा अरुंद करणे शहाणपणाचे. याउलट, तुमची पद्धत ब्लॉकची लांबी-रुंदी असमान असताना लांब बाजूवरचे जास्त नमुने गाळून दोन्ही बाजूंचे वजन सारखे ठेवत असेल, आणि त्यामुळे अरुंद ब्लॉकमध्ये अ ची किंमत भरकटत नसेल, तर ती अडचण आणि तिचे निवारण त्या दोन दस्तऐवजांत कुठेच नाही हे दाखवता येते.

आदेशाच्या बाजूनेही एक शिस्त आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ॲग्रीबोर्ड प्रकरणात २०२२ मध्ये सांगितले की कल्पकतेच्या अभावी अर्ज नाकारताना प्रायर आर्ट काय आहे, अर्जातला आविष्कार काय आहे आणि जाणकाराला तो कसा सुचला असता, या तिन्हींची चर्चा आदेशात असायला हवी. त्रोटक आदेशाविरुद्धच्या अपिलात हा निर्णय फार उपयोगी पडतो.

दावा कसा लिहावा? एखादे उदाहरण मिळेल का?

कच्च्या मसुद्यात दावा बहुधा असा असतो: ‘व्हिडिओ संकेतनाची पद्धत, ज्यात संदर्भ ब्लॉकच्या किमतींना रेषीय समीकरण लावून भरपाई केलेला अंदाज मिळवला जातो.’ यात कोण, कशावरून आणि काय कळवले या तीनपैकी एकही उत्तर नाही. कलम ३(के) चा आक्षेप येथे स्वतःहून ओढवून घेतलेला असतो, आणि २००३ चे वेटेड प्रेडिक्शनही या दाव्यात सहज बसते.

सुधारलेला दावा असा वाचला जाईल: ‘डिकोडरमध्ये, बिटस्ट्रीममधून चालू ब्लॉकसाठीचा फ्लॅग वाचणे, तो फ्लॅग भरपाई दर्शवत असल्यास, चालू ब्लॉकच्या मोशन व्हेक्टरला पूर्णांक स्थानावर आणून, इंटरपोलेशनसाठी स्मृतीतून आधीच आणलेल्या नमुन्यांमधून संदर्भ ब्लॉकचे शेजारी नमुने निवडणे, ब्लॉकच्या लांब बाजूवरील नमुने रुंदी व उंचीच्या गुणोत्तरानुसार गाळणे, उरलेल्या नमुन्यांवरून गुणक व ऑफसेट काढणे, आणि त्यांनी अंदाज बदलून ब्लॉक पुन्हा तयार करणे.’ हा दावा लांब आहे, पण प्रत्येक पायरीला डिकोडरमध्ये जागा आहे. त्याच्या जोडीला त्याच पायऱ्या करणाऱ्या डिकोडर उपकरणाचा आणि एन्कोडरचा दावा सुरुवातीलाच द्यावा.

सुरुवातीलाच, असे म्हणण्यामागे कारण आहे. कलम ५९ नुसार नंतरची दुरुस्ती मूळ दाव्यांच्या व्याप्तीत राहावी लागते. दिल्ली उच्च न्यायालयाने निप्पॉन ए अँड एल प्रकरणात २०२२ मध्ये, पेटंट मिळण्याआधीच्या दुरुस्त्यांकडे उदार दृष्टीने पाहावे असे म्हटले आहे खरे, तरीही परीक्षणाच्या मध्यावर नव्या प्रकारचा दावा घालण्याची वेळ आणू नये.

साठवण माध्यमाचे आणि बिटस्ट्रीमचे दावे चालतात का?

‘सूचना साठवलेले, संगणकाला वाचता येणारे माध्यम’ अशा दाव्याला २०१७ च्या सूचनांनी निव्वळ प्रोग्रॅमच्या रांगेत बसवले होते, आणि असे दावे बहुधा आक्षेपाला सामोरे जातात. बिटस्ट्रीमच्या दाव्यावर कलम ३(एन), म्हणजे माहितीचे सादरीकरण, हाही आक्षेप येऊ शकतो. अमेरिका आणि युरोपसाठी लिहिलेला दाव्यांचा संच भारतात जसाच्या तसा दाखल करणे म्हणूनच खर्चिक ठरते. दहापेक्षा जास्त दाव्यांना प्रत्येकी जादा शुल्कही पडते.

प्रयोगांचे आकडे द्यावेत का?

द्यावेत. कोडेक क्षेत्रात बीडी-रेट हे माप रूढ आहे. समान गुणवत्तेला सरासरी किती टक्के बिट वाचले ते त्यातून कळते. चाचणीचे व्हिडिओ, संदर्भ सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि कोडिंगची मांडणी सांगितल्याशिवाय आकडा देऊ नये. एन्कोडिंग आणि डिकोडिंगचा वेळही लिहावा, वाढला असला तरी. उजेड-भरपाईचा लाभ सगळ्या व्हिडिओंवर सारखा पडत नाही. फेड आणि फ्लॅश असलेल्या दृश्यांत तो ठळक दिसतो, स्थिर उजेडातील दृश्यांत जवळपास नाहीसा होतो. हा असमानपणा लपवण्यापेक्षा सांगावा, कारण त्यावरूनच ब्लॉकगणिक फ्लॅग का हवा हे सिद्ध होते.

आकडे मूळ विनिर्देशात असतील तर उत्तम. ते नंतर उत्तरासोबत देता येतात, पण ज्या परिणामाचा विनिर्देशात उल्लेखच नाही त्याला आकड्यांनी नव्याने जन्म देता येत नाही.

मुदती कोणत्या?

१५ मार्च २०२४ पासूनच्या नियमांनुसार परीक्षणाची विनंती प्राधान्य तारखेपासून ३१ महिन्यांत करावी लागते. त्याआधीच्या अर्जांना ४८ महिन्यांची मुदत आहे. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. पहिला परीक्षण अहवाल आल्यावर उत्तरासाठी सहा महिने मिळतात आणि विनंती केल्यास आणखी तीन. अहवालापासून तीन महिन्यांत परदेशातील समांतर अर्जांची अद्ययावत माहिती नमुना ३ (फॉर्म ३) मध्ये द्यायची असते. मानकांशी संबंधित अर्जांची कुटुंबे मोठी असल्यामुळे येथे चूक होण्याचा संभव अधिक. सुनावणी झाल्यास लेखी म्हणणे पंधरा दिवसांत द्यावे लागते.

भारतात राहणाऱ्या संशोधकाने आणखी एक पाळावे. कलम ३९ नुसार आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबल्याशिवाय, किंवा परवानगी घेतल्याशिवाय, परदेशात अर्ज करता येत नाही. पुण्यात बसून परदेशी कंपनीसाठी कोडेकवर काम करणाऱ्या अभियंत्यालाही हे लागू होते.

युरोप आणि अमेरिकेत हाच अर्ज कसा पाहिला जातो?

युरोपीय पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने १९८६ मध्ये व्हायकॉम प्रकरणात अंकीय प्रतिमा-प्रक्रियेत वापरलेली गणिती पद्धत तांत्रिक मानली. तेव्हापासून कोडेकच्या अर्जांना तेथे पात्रतेचा प्रश्न क्वचितच छळतो. झगडा कल्पकतेवर होतो. अमेरिकेत तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या ॲलिस निर्णयानंतर अमूर्त कल्पनेचा आक्षेप येतो, आणि २०१७ मध्ये फेडरल सर्किट या अपील न्यायालयाने निन्टेंडोविरुद्धच्या एका खटल्यात चेहऱ्याच्या प्रतिमेचे संकेतन करणारे पेटंट त्याच कारणाने टिकू दिले नाही. युरोपात मंजूर झालेले समांतर पेटंट भारतीय परीक्षकापुढे जरूर ठेवावे. ते त्याच्यावर बंधनकारक नसते, पण तेथील परीक्षकाने कोणते दस्तऐवज पाहून दावा मान्य केला हे त्यातून दिसते.

नकार आला तर?

नियंत्रकाच्या आदेशाविरुद्ध कलम ११७ए खाली तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येते. बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाल्यापासून मुंबई कार्यालयाच्या आदेशांवरील अपिले मुंबई उच्च न्यायालयात जातात. अर्ज प्रलंबित असतानाच, विनिर्देशात एकाहून अधिक आविष्कार असतील, तर विभागीय अर्जाचा, म्हणजे त्यातला एखादा आविष्कार वेगळ्या अर्जात मागण्याचा, मार्ग खुला असतो. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सिंजेंटा प्रकरणात ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले की, विभागीय अर्जासाठी अनेक आविष्कार मूळ दाव्यांतच असले पाहिजेत असे नाही; ते विनिर्देशात उघड केलेले असले तरी चालते. आदेश निघाल्यावर हा मार्ग बंद होतो, म्हणून सुनावणीची नोटीस हाती पडली की त्याच आठवड्यात याचा निर्णय करावा.

अर्ज मराठीत दाखल करता येईल का?

नाही. पेटंट कार्यालयात कागदपत्रे इंग्रजी किंवा हिंदीतच द्यावी लागतात. तरीही संशोधकाने आपली पद्धत आधी मराठीत, एजंटाला समोर बसवून, फळ्यावर ब्लॉक काढून सांगावी असा आमचा आग्रह असतो. ‘हा डावीकडचा स्तंभ अजून तयार झालेला नसेल तर डिकोडर काय करतो?’ हा प्रश्न अशा बोलण्यातच निघतो, आणि बरेचदा अर्जातला सर्वात टिकाऊ दावा त्याच्या उत्तरात सापडतो.